लक्षद्वीपला ‘आपलं मालदीव’ म्हणण्याआधी तिथल्या विहिरीत डोकावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत वीकेंडला जाण्यासारख्या बेटांवरचा लेख वाचला. लक्षद्वीपबद्दल त्यात असं लिहिलंय की जागा स्वर्गासारखी आहे पण परमिटची (तिथं जायला लागणाऱ्या सरकारी परवान्याची) कटकट, विमानं कमी, हॉटेलं कमी, आणि हे सगळं एकदा सुटलं की आपलं स्वतःचं मालदीव तयार होईल. मी नुकतीच मैत्रिणीबरोबर तिथल्या अगत्ती बेटावर जाऊन आले आणि मला याच्या अगदी उलट वाटतंय, म्हणून लिहायला बसले. तिथं मोजकीच माणसं जातात म्हणून ते बेट अजून टिकून आहे असं माझं म्हणणं आहे, आणि पत्र लांबलं तरी प्लीज पूर्ण वाचा.

माझी शाळेपासूनची मैत्रीण नोकरीसाठी कोचीला असते. तिच्या ऑफिसमधली एकजण मूळ अगत्तीची, तिच्या ओळखीने परमिटचं काम झालं आणि राहायची सोयही तिच्याच नातेवाईकांच्या होमस्टेमध्ये झाली. कोची ते अगत्ती साधारण साडेचारशे किलोमीटर, छोटं एटीआर विमान सव्वा-दीड तासात पोचवतं. खिडकीतून आधी नुसता गडद निळा समुद्र दिसत राहतो, मग एकदम हिरवट-फिकट पाणी आणि त्यात पातळशी जमिनीची पट्टी, आणि त्या पट्टीच्या दक्षिण टोकाला दोन्ही बाजूंनी समुद्र असलेली धावपट्टी. बेट सगळं मिळून सहा-सात किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त एक किलोमीटर रुंद, सायकल घेतली की दुपारच्या जेवणाआधी पूर्ण बघून होतं. एवढ्याशा जागेत सात हजारांवर माणसं राहतात हे मात्र पुरवणीतल्या फोटोत कुठंच दिसत नाही, फोटोत कायम रिकामा बीच आणि एक झोपाळा.

सुंदर तर आहेच, त्यात वादच नाही. पश्चिमेला लगून आहे, म्हणजे प्रवाळाच्या (कोरलच्या) भिंतीने अडवलेलं उथळ पाणी, आणि ते इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसतात, आणि हिरवी समुद्री कासवं अगदी काठाजवळ निवांत फिरत असतात. संध्याकाळी आम्ही दोघी वाळूत बसून इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बोललो, ना गाणी ना शॅक ना दारू (दारू फक्त बंगारम बेटावर चालते, बाकी सगळीकडे बंदी) आणि त्याचं काही अडलं नाही. सकाळी होमस्टेच्या काकूंनी किलांजी केली, म्हणजे तांदूळ-अंड्याच्या पिठाची अगदी पातळ धिरडी, सोबत नारळाचं दूध, गूळ आणि केळं, मालवणकडच्या माणसाला घावन-रसच आठवेल.

पण मला सांगायचंय ते त्या काकूंच्या विहिरीबद्दल. माझं माहेर खाडीकाठचं, त्यामुळे कुठंही गेले की आधी पाण्याची चव बघते, सवयच आहे. परसातली विहीर अगदी उथळ, पाणी हाताला लागेल की काय इतकं वर, आणि आतल्या दगडावर ओलीची रेघ होती. काकू म्हणाल्या भरतीला पाणी तिथपर्यंत चढतं आणि ओहोटीला उतरतं. गोड्या पाण्याची विहीर भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते! कारण तिथं आपल्यासारखा खडक नाही, नदी नाही, ओढा नाही, डोंगर तर नाहीच, सगळं बेट म्हणजे प्रवाळाची वाळू आणि प्रवाळाचाच दगड, चाळणीसारखं सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि खालून शिरलेल्या जड खाऱ्या पाण्याच्या वर हलकं गोडं पाणी काही मीटरच्या थरात तरंगत राहतं. बेटाचं साठवणीतलं गोडं पाणी एवढंच. जास्त उपसलं, मोटर लावून ओढलं, की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. आपल्याकडे खाडीकाठच्या लोकांना हे समजवायला नको, एप्रिल-मेमध्ये चहा खारट लागायला लागला की कळतंच. पण आपल्याकडे वरच्या वाडीतून पाणी आणता येतं, टँकर येतो, तिथं वरची वाडीच नाही.

आणि परत त्याच वाळूत शेजारीच संडासाचा शोषखड्डा. घरं दाटीवाटीने, विहीर आणि खड्डा यात अंतर किती राहणार. म्हणजे माणसं वाढली की दोन्हीकडून मार बसतो, उपसा वाढतो आणि घाणही वाढते.

आता कोणी म्हणेल समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आहे ना. आहे, आणि फार हुशारीचं काम आहे, आपल्याच शास्त्रज्ञांचं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपच्याच कवरत्ती बेटावर पहिला बसवला, २०११ मध्ये मिनिकॉय बेटावर आणि अगत्तीला. साडेतीनशे-चारशे मीटर खोलवरून थंडगार पाणी पाइपने वर आणतात, वरचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडून त्याची वाफ करतात आणि ती वाफ त्या थंड पाण्याने गार करून गोडं पाणी मिळवतात. क्षमता रोज एक लाख लिटर. ऐकायला केवढं तरी वाटतं ना, आता अगत्तीच्या माणसांत वाटून बघा, माणशी तेरा-चौदा लिटर येतं. म्हणजे पिण्या-स्वयंपाकाचं भागलं, बाकी आंघोळ-कपडे-भांडी त्या तरंगत्या थरावर नाहीतर साठवलेल्या पावसावर. त्यातून वीज बरीचशी डिझेलवर आणि डिझेल येतं मुख्य भूमीवरून जहाजाने. अशा ठिकाणी शॉवर, स्विमिंग पूल, रोज बदललेल्या चादरी आणि हिरवळीवर फवारे हे कुठल्या पाण्यावर चालणार ते तरी त्या लेखात लिहायला हवं होतं.

रिसॉर्टवाले स्वतःचे प्लांट लावतील हेही उत्तर मी ऐकलंय. लावतील, पण उरलेलं दुप्पट खारं पाणी कुठे सोडणार, त्या काही मीटर खोल लगूनमध्येच ना? आणि ज्या मालदीवचं उदाहरण सारखं देतात तिथं डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेच्या पाणी-प्लांटमध्ये आग लागली आणि लाखावर लोकांचे नळ एका दिवसात कोरडे पडले. तेव्हा पाणी कोणी पाठवलं? इतर देशांबरोबर आपणही, हवाई दलाच्या विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून. मालदीवचा कचराही आठवा, १९९० च्या दशकापासून थिलाफुशी नावाचं एक आख्खं बेट कचऱ्याच्या भरावावर उभं राहिलंय. मालदीवबद्दल मला राग नाही, तिथली माणसं त्याच समुद्रात तगायची धडपड करतायत, पण नक्कल करायची तर त्याची किंमतही वाचकाला सांगा.

आता प्रवाळाचं. मैत्रिणीने आणि मी स्नॉर्कलिंग केलं, मासे भरपूर होते, पण फांद्याफांद्यांचे कोरल बऱ्याच ठिकाणी मेलेले, वर शेवाळाची करडी-हिरवी पुटं. आमच्याबरोबरचा मुलगा म्हणाला की २०२४ च्या उन्हाळ्यात सगळं पांढरं पडलं होतं. समुद्र फार तापला की प्रवाळ आपल्या शरीरातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, त्याचा रंग आणि अन्न दोन्ही जातं, पाणी लवकर गार झालं तर जगतो नाहीतर मरतो. हे १९९८ ला झालं, २०१० ला झालं, २०१६ ला झालं आणि परत झालं, मधली उसंत पुरेशी मिळतच नाही. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांभोवती संशोधकांनी चोवीस वर्षं जी नोंद ठेवली त्यात जिवंत प्रवाळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलंय.

प्रवाळ मेलं तर काय बिघडलं, बघायला दुसरं काहीतरी असेल, असं वाटणारे लोक मला भेटलेत म्हणून सविस्तर लिहिते. संध्याकाळी जेटीवर होड्या आल्या तेव्हा काकूंच्या दिरांनी आम्हाला सगळं समजावलं. तिथं ट्यूना जाळ्याने नाही, बांबूच्या गळाने पकडतात. आधी पहाटे लगूनमधल्या प्रवाळाच्या आसपासचे बोटाएवढे मासे पकडायचे, ते होडीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे, मग बाहेर खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ते मूठमूठ फेकायचे आणि पाण्याचे फवारे उडवायचे, ट्यूना वर उसळून येतो आणि होडीच्या मागच्या टोकाला ओळीने उभी असलेली माणसं बिनकाट्याच्या गळाने एकेक मासा मागे भिरकावतात. नको ते मासे, कासवं, जवळजवळ काही मरत नाही, जगात इतकी स्वच्छ मासेमारी कमी ठिकाणी आहे. उकडून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा कडक वाळवलेला तोच मासा म्हणजे मासमीन. आता बघा, प्रवाळ गेलं की आमिषाचे मासे गेले, ते गेले की ट्यूना मिळत नाही, आणि ट्यूना गेला की या लोकांकडे नारळ सोडून काय उरतं? शिवाय पावसाळ्यातल्या लाटा अडवायला पुढे प्रवाळाची भिंतच आहे, जमीन तर समुद्रापासून दोन-चार मीटर वर. बंगारमच्या कंकणद्वीपातलं (प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या बेटांच्या समूहातलं) परळी-१ नावाचं छोटं निर्मनुष्य बेट पूर्ण झिजून गेल्याचं २०१७ मध्ये एका अभ्यासातून समोर आलं. नकाशावर होतं, आता नाही.

आणि अशा लगूनमध्ये खांब रोवून पाण्यावर व्हिला बांधायचे! लक्षद्वीपच्याच सुहेली आणि कडमत बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची रिसॉर्ट २०२३ मध्ये जाहीर झाली, त्यात पाण्यावरचे व्हिलाही आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीचे फोटो आले आणि मग तर सगळ्या देशाला तिकडे जायचंय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुद्धा रोज पॅकेजचे मेसेज. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये न्यायमूर्ती रवींद्रन यांची समिती नेमली होती, बेटागणिक काय झेपेल त्याचे आराखडे त्यातून झाले, पर्यटनावरच्या लेखात त्याचं नावसुद्धा निघत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

परमिटबद्दल एवढंच म्हणते, १९६७ पासूनचा नियम आहे आणि त्याला कारण आहे. सगळं लक्षद्वीप मिळून ३२ चौरस किलोमीटर, माणसं २०११ च्या जनगणनेला चौसष्ट हजार, त्यातली ९४ टक्क्यांहून जास्त अनुसूचित जमातीची. त्यांची जमीन, त्यांचं पाणी, त्यांनी आधी हो म्हणायला पाहिजे. मोठं आजारपण आलं की कोचीला न्यावं लागतं, आणि जहाजाच्या तिकिटासाठी तिथल्या लोकांना किती थांबावं लागतं ते काकूंच्या घरी ऐकलं, त्यामुळे जहाजा-विमानातल्या जागा वाढवायच्या तर आधी त्यांच्यासाठी वाढवा असं मला मनापासून वाटतं. भाजी, तांदूळ, गॅस, सगळं बोटीने येतं आणि मेच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत लहान बोटी बंद असतात.

लोकांनी जाऊच नये असं मी म्हणत नाही, मी गेले आणि संधी मिळाली तर परत जाईन. पण घरगुती होमस्टेमध्ये राहा, पैसा त्याच घरात जातो. बादलीने आंघोळ करा. प्रवाळावर उभं राहू नका, फोटोसाठी कासवाला हात लावू नका, शंख-कोरल उचलून आणू नका (कोरल आणणं तर वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे). प्लास्टिकचा कचरा आपल्या बॅगेतून परत आणा, आम्ही दोघींनी आणला, फार वजन होत नाही. आणि समुद्राखालचं जग बघायचंय एवढीच हौस असेल तर आपलं मालवण आहे, पण तिथंही १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि नाताळ-मेच्या सुट्टीत जेटीवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे हाच प्रश्न दाराशी येऊन ठेपलाय.

तुमचा पेपर आमच्या घरी आजोबांपासून येतो, म्हणून हक्काने मागते. पुढच्या सुट्ट्यांच्या पुरवणीत बेटांवर लेख येईल तेव्हा विमानाचं भाडं आणि हॉटेलचे रेट याच्या शेजारी त्या बेटावर गोडं पाणी कुठून येतं, कचरा कुठे जातो आणि तिथले लोक या सगळ्याबद्दल काय म्हणतात एवढं छापाच. अगत्तीचा एखादा मच्छीमार किंवा शिक्षक शोधून त्याच्याकडून लिहून घेतलंत तर फारच छान, मैत्रीण मल्याळममधून मराठीत भाषांतर करून द्यायला तयार आहे.

आपली नियमित वाचक,
पुणे