चौघांच्या गटात एकटी मुलगी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनीअरिंगला मुलींचे प्रवेश वाढावेत यावर आपल्या अंकात अधूनमधून लेख येतात. प्रवेश घेतलेल्या मुली टिकाव्यात कशा, याबद्दल मात्र क्वचितच वाचायला मिळतं. मी इलेक्ट्रिकल मशीन्सची प्रयोगशाळा घेते, तेव्हा तिथलंच सांगते.

प्रात्यक्षिकासाठी चौघाचौघांचे गट पाडताना आम्हा शिक्षकांची एक लाडकी पद्धत आहे. मुली थोड्या, म्हणून प्रत्येक गटात एकेक वाटून टाकायची. दिसायला अगदी न्याय्य. प्रत्यक्षात काय होतं ते डीसी शंट मोटरच्या प्रयोगाला येऊन बघावं. एक मुलगा पॅनलवर वायरी जोडतो, दुसरा स्टार्टरचं हँडल धरतो, तिसरा शाफ्टला टॅकोमीटर, म्हणजे फिरण्याचा वेग मोजायचं यंत्र, लावतो. आणि ती? तिच्या हातात वही. "तुझं अक्षर छान आहे, रीडिंग तूच लिही." यात कुणाच्या मनात वाईट नसतं. पण पुढच्या आठवड्यातही वही तिच्याचकडे येते आणि सत्र संपेपर्यंत तिने स्वतः एकही कनेक्शन केलेलं नसतं.

मग तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक विचारतात, मोटर सुरू करताना फील्ड रिओस्टॅट (सरकत्या संपर्काने कमी-जास्त करता येणारा विद्युत रोध) कुठे ठेवशील? किमान रोधावर, हे तिला पाठ असतं. "ठेवून दाखव" म्हटलं की हात थबकतो. सरकता संपर्क कुठल्या टोकाला नेला की रोध कमी होतो, हे स्वतः जोडणी केल्याशिवाय लक्षात राहत नाही. गुण जातात ते जातातच, वर हे आपलं काम नव्हे असं तिच्या मनात बसतं. सगळ्याच काही शिक्षण सोडत नाहीत. पदवी घेतात आणि मशीनपासून चार हात लांब राहतात.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ निलांजना दासगुप्ता आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चौघांच्या गटात कधी एक, कधी दोन, तर कधी तीन मुली ठेवल्या होत्या. तीन मुली असलेल्या गटांत मुली सर्वांत जास्त बोलल्या. पहिल्या वर्षाच्या मुलींची धास्ती तर निम्म्या मुली असल्या तरी कमी झाली. 2017 च्या अभ्यासात 150 नवख्या विद्यार्थिनी होत्या. काहींना वरच्या वर्गातली मुलगी मार्गदर्शक दिली, काहींना मुलगा, काहींना कुणीच नाही. जिच्या पाठीशी वरच्या वर्गातली ताई होती, अशी एकही मुलगी पहिल्या वर्षात गळली नाही.

यावर माझे सहकारी विचारतात, "उद्या कंपनीत मुलींचे वेगळे गट कोण करून देणार?" कुणीच नाही. म्हणून तर आत्ता करायचे. स्वतःच्या हाताने मोटर फिरवलेली मुलगी पुढे नऊ पुरुषांतही वायर मागून घेते. तोवर तिला एकटं पाडून कणखर करण्याचा हट्ट मला तरी समजत नाही. (मुलांचंही यात नुकसान आहे. रीडिंग नीट टिपणं त्यांना चौथ्या वर्षीही जमत नाही.)

तेव्हा पहिल्या वर्षी, मुली असतील त्या गटात किमान दोघी असाव्यात. काही गट निव्वळ मुलांचे झाले तर होऊ द्यावेत. जोडणी, मापन, नोंद, आकडेमोड ही कामं दर प्रयोगाला फिरावीत आणि कोणी काय केलं ते जर्नलमध्ये लिहिलेलं असावं, म्हणजे आम्हा शिक्षकांनाही कानाडोळा करता येणार नाही. महिला दिनाला गुलाब आणि भाषण देण्यापेक्षा त्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या मुलींची पहिल्या वर्षाच्या मुलींशी गाठ घालून द्यावी आणि ती वर्षभर टिकेल हे बघावं.

यातल्या कशालाही वेगळा निधी लागत नाही. गटांची यादी विभागातच तयार होते, आणि नव्या सत्राच्या याद्या आता लागतीलच.

आपली,
एक प्राध्यापिका, विद्युत अभियांत्रिकी