मार्बलचे उरलेले तुकडे फेकू नका, आम्हाला द्या

सप्रेम नमस्कार.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमचे मंडळ शाळकरी मुलांसाठी प्राचीन उथळ समुद्रांतल्या शिंपल्यांचे प्रदर्शन भरवत आहे. सोलापुरात समुद्र कुठला, असे जो तो विचारतो. खरे आहे, आपल्या पायाखाली लाव्हारसाचा काळा पाषाण. घरोघरची शहाबादी फरशी मात्र उथळ समुद्रातच साचलेली आहे. फक्त ती इतकी जुनी, की तेव्हा शिंपले जन्मालाच आले नव्हते!

आम्हाला दाखवायचे आहेत ते रुडिस्ट. शिंपल्यांच्याच कुळातले, पण एक झडप शिंगासारखी लांब वाढलेली आणि दुसरी तिच्यावर झाकण होऊन बसलेली. टेथिस या आता नाहीशा झालेल्या प्राचीन समुद्राच्या उबदार, उथळ तळावर ते दाटीवाटीने वाढत. क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगात, कित्येक ठिकाणी प्रवाळांची जागा त्यांनीच घेतली होती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर गेले त्याच सुमारास, तेही संपले. ओमानमधल्या एका रुडिस्टच्या कवचातले रोजचे थर मोजून शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवले, की ७ कोटी वर्षांपूर्वी वर्षाचे दिवस ३७२ होते आणि दिवस साडेतेवीस तासांचा. मुले याच तक्त्यासमोर रेंगाळणार, अशी आमची पैज आहे.

आता मदतीचे. भारतात रुडिस्ट लडाखच्या चुनखडीत आहेत, पण ते तिथेच राहिलेले बरे. आमची भिस्त मार्बलवाल्यांवर आहे. लिस्बनकडचा लिओझ आणि इटलीतला ऑरिसिना या दगडांत रुडिस्टांची कवचे असतात. पॉलिश केल्यावर त्यांचे आडवे छेद गोल कड्यांसारखे उठून दिसतात. परदेशी मार्बल बसवून उरलेला वीतभर तुकडाही चालेल. आधी फोटो दाखवा. चमकत्या स्फटिकांचे दगड कृपया आणू नका. सुंदर असतात, पण ते जीवाश्म नव्हेत. ओमानला नोकरीला असलेल्यांनी दगड उचलू नयेत, डोंगरकड्यांचे फोटो पाठवावेत.

गणेशमूर्ती घडवणाऱ्या कारागिरांनी प्लास्टरच्या प्रतिकृती करून दिल्या तर मोठेच काम होईल. साहित्याचे पैसे मंडळ देईल. त्यासाठी, तक्त्यांच्या छपाईसाठी आणि काचेच्या दोन पेट्यांसाठी रोख देणगी हवी आहे. पावती मिळेल, आयकराची सवलत मात्र नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

तुकडे व देणग्या १५ फेब्रुवारीपर्यंत, संध्याकाळी ६ नंतर मंडळाच्या खोलीवर स्वीकारू. जड लादी असेल तर निरोप द्या, आम्ही टेम्पो घेऊन येऊ.