तारे लुकलुकले म्हणून मालिका सोडू नका

ऑक्सफर्ड,
७ एप्रिल २०२४

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना सा. न. वि. वि.

परवा पाडवा. गुढी उभारायच्या आत शुभेच्छा पोचाव्यात म्हणून आजच लिहायला बसलो. वहिनींनी विचारलं होतं, नेटफ्लिक्सवरची '३ बॉडी प्रॉब्लेम' ही विज्ञानकथेची मालिका दोन भागांवर सोडली, चुकलं का? माझ्या मते चुकलं. निदान पाचव्या भागापर्यंत जा. का, ते सविस्तर सांगतो.

२१ मार्चला आठही भाग एकदम आले. तेव्हापासून इथे ज्यांनी पाहिली त्यांची पहिली प्रतिक्रिया थोड्याफार फरकाने तुमचीच: सुरुवातीची मारहाण बघवत नाही, कथा चीनमधून इंग्लंडात आणि तिथून परत मागे उड्या मारते, आणि विज्ञान म्हणाल तर काहीच्या बाही. पहिल्या दोन तक्रारी मला समजतात. तिसरी घाईची आहे.

पिंट्याने "आख्खं आकाश एकदम लुकलुकणं अशक्य आहे" म्हणून रिमोट टाकला ना? त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. आता त्याला वही घेऊन बसव. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षं लांब, म्हणजे त्याचा प्रकाश इथे पोचायला ८.६ वर्षं लागतात; अभिजित २५, रोहिणी ६५, आणि ध्रुव सव्वाचारशे ते साडेचारशेच्या घरात. आज मध्यरात्री हे चारही आपल्याला एकाच क्षणी मिटलेले दिसायचे, तर व्याधाला २०१५ मध्ये मिटावं लागेल, अभिजितला १९९९ मध्ये, रोहिणीला १९५९ च्या सुमारास, आणि ध्रुवाला शिवरायांच्या जन्माच्याही आधी. म्हणजे एक तर आकाशातल्या हजारो ताऱ्यांनी शेकडो वर्षं आधी आपापली वेळ जुळवून ठेवली, किंवा तारे जागच्या जागी नीट आहेत आणि गडबड आपल्याजवळ कुठेतरी आहे. दुसरा पर्याय धरून पुढे बघा. मालिकेने तो धागा मुद्दाम ठेवलाय आणि पाचव्या भागाच्या शेवटी त्याचा उलगडा केलाय. काय ते सांगत नाही. 'अशक्य' म्हणून उठलेल्या प्रेक्षकाच्या हातात खरं तर कोड्याचं पहिलं टोक आलेलं असतं, आणि नेमका तोच उठून जातो याचं मला फार वाईट वाटतं.

याउलट मालिकेत सूर्याचा आरशासारखा किंवा ॲम्प्लिफायरसारखा वापर करून संदेश दूरवर पाठवायचा, ती निव्वळ कल्पना आहे. खरा सूर्य स्वतःच रेडिओ लहरींचा प्रचंड गोंगाट करतो, आपला संदेश मोठा करून पुढे ढकलत नाही. ती एक सवलत लेखकाला द्यायची. बाकी डोंगरावरची ती अवाढव्य डिश बघून आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची आठवण झाली असेल. फरक एवढाच की जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही डिश फक्त ऐकतात, बोलत नाहीत. माणसाने मुद्दाम बाहेर संदेश पाठवल्याचं प्रसिद्ध उदाहरण १९७४ चं, पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीचं: १६७९ बिट (म्हणजे ० किंवा १), पाठवायला तीनेक मिनिटं, आणि पत्ता सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांवरच्या तारकागुच्छाचा. पुढच्या २८ फेब्रुवारीला खोडदला प्रदर्शन असेल तेव्हा पोरांना घेऊन जा आणि तिथल्या लोकांना विचारा की मालिकेतल्यासारखा चार प्रकाशवर्षांवरून आलेला संदेश ओळखायचा कसा. ते हौसेने सांगतात.

आता मालिकेच्या नावातलं, तीन गोलांचं कोडं. दोन गोल एकमेकांभोवती फिरत असतील तर न्यूटनच्या सूत्राने कितीही वर्षांनंतरची जागा काढता येते. तिसरा आला की असं सोयीचं सूत्र उरत नाही. मग एकच वाट: आत्ताच्या जागा आणि वेग घ्यायचे, छोटंसं पाऊल पुढे जायचं, परत जोर मोजायचा, परत पाऊल. सुरुवातीच्या आकड्यात दहाव्या दशांश स्थळी चूक असली तरी ती वाढत वाढत शेवटी सगळं उत्तर गिळते. हे फ्रेंच गणिती पॉइंकारेने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. तिसऱ्या भागात, पात्रं खेळतात त्या व्हिडिओ गेममध्ये, सैन्य उभं करून गणित करतात ते याच पद्धतीचं. एकेक माणूस म्हणजे एकेक बिट. दोघांनी 'हो' दाखवलं तरच तिसऱ्याने 'हो' दाखवायचं, हे झालं एक गेट. अशी लाखो गेटं जोडली की संगणक तयार. तो चालतोही बरोबर, तरी गेममधलं जग बुडतं, कारण खोट यंत्रात नसून प्रश्नातच आहे. हा प्रसंग मला सगळ्या मालिकेत सरस वाटला, आणि तुम्ही त्याच्या एक भाग अलीकडे थांबलात!

तिघांचं गणित कधीच सुटत नाही असं मात्र पोरांना सांगू नका. गणिती ऑयलरने १७६७ मध्ये आणि लाग्रांजने १७७२ मध्ये काही खास मांडण्या सोडवल्या. आपलं आदित्य-एल१ गेल्या ६ जानेवारीला पोचलं ते सूर्य, पृथ्वी आणि यान यांच्या अशाच एका मांडणीतल्या बिंदूपाशी, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. तिथेही यान आपोआप टिकत नाही. जरा सरकलं की सरकतच जातं, म्हणून मधूनमधून इंजिनं चालवून जागेवर आणावं लागतं. आणि आपल्या सर्वांत जवळची तीन ताऱ्यांची जोडणी, अल्फा सेंटॉरी, प्रत्यक्षात बरीच शांत आहे. दोघे जवळ, सुमारे ८० वर्षांत एक फेरी, आणि तिसरा प्रॉक्सिमा पृथ्वी-सूर्य अंतराच्या तेरा हजार पट लांब. गोंधळ व्हायला तिघं जवळजवळ हवेत. गेममध्ये तसे दाखवलेत.

माणसांबद्दलच्या तक्रारी बऱ्याच खऱ्या आहेत. मूळ चिनी कादंबरीतली कामं इथे ऑक्सफर्डच्या पाच मित्रांत वाटली आहेत, त्यामुळे जगावरचं प्रत्येक संकट याच पाचजणांच्या दारात येतं. त्यांच्या आपसातल्या गप्पाही पातळ आहेत. ये वेन्जिये या चिनी शास्त्रज्ञ बाईचं मात्र तसं नाही. तरुणपणी झीन त्सेंग आणि म्हातारपणी रोझालिंड चाओ, दोघी एकच बाई आहेत. वहिनींचा इथेच घोटाळा झाला असावा. हे कळलं की पहिल्या भागातल्या उड्या जागेवर बसतात. १९६६ चा, चीनच्या सांस्कृतिक क्रांतीतला तो मारहाणीचा प्रसंगही मग उगाच वाटत नाही. ती पुढे संदेश पाठवायचं जे बटण दाबते त्याचं कारण तिथे आहे. तो प्रसंग कादंबरीतलाच. चिनी आवृत्तीत तो मध्यावर होता, इंग्रजी अनुवादात सुरुवातीला आला. चीनमध्ये नेटफ्लिक्स नाही, तरी आडवाटेने पाहिलेल्यांत त्यावरून दोन तट पडले. काहींना ही देशाची बदनामी वाटली, शिवाय नायक इंग्लंडला नेल्याचा राग. काहींना उलट, खरं ते दाखवलं याचं समाधान. ज्यांना सगळं कादंबरीबरहुकूम हवं त्यांच्यासाठी टेन्सेंट या चिनी कंपनीची २०२३ ची तीस भागांची मालिका आहे, पण ती फार सावकाश चालते.

मालिकेत ऑक्सफर्डला दाखवलाय तसला ॲक्सलरेटर, म्हणजे सूक्ष्म कण प्रचंड वेगाने फिरवायचं यंत्र, इथे खरोखरच आहे का, असं दादाने विचारलंय. गावात नाही. दक्षिणेला हार्वेलला 'डायमंड' नावाचं मोठं वर्तुळ आहे, घेर सुमारे ५६२ मीटर, पण तिथे इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण मिळवतात. मालिकेतली ती सोनेरी गोळ्यांनी मढलेली पाण्याची टाकी जपानमधल्या, न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपणाऱ्या टाकीच्या धर्तीवरची आहे. तिथे ५० हजार टन शुद्ध पाणी असतं.

बघताना एवढं करा. भाषा मूळ ठेवा आणि सबटायटल चालू. चिनी प्रसंग डब केलेले ऐकले तर कोण कुठल्या काळात आहे तेच कळत नाही. गेमचे प्रसंग अंधारे आहेत, मोबाइलवर बघू नका. टीव्हीवर खोलीतला दिवा मालवा. पहिला-दुसरा परत बघायची गरज नाही. तिसरा आणि चौथा एका बैठकीत, मग पाचवा वेगळ्या दिवशी.

पाचवा भाग आधी तुम्ही दोघं बघा. पनामा कालव्यातल्या जहाजाचा प्रसंग फार भयंकर आहे. पिंट्याला एक वेळ चालेल, धाकटीला अजिबात दाखवू नका. तिला त्या जागी नुसतं तोंडी सांगितलं तरी पुढची गोष्ट कळते.

आईला नमस्कार सांगा, मुलांना आशीर्वाद. ताऱ्यांची गडबड कुणामुळे, याबद्दल पिंट्याचा अंदाज पाचवा भाग लावायच्या आत मला कळवा.

तुमचा,
धाकटा