प्रश्न वकिलांचा, पण विचारायचा न्यायाधीशांनी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अत्याचाराच्या खटल्यात पीडित मूल फितूर झाल्याची बातमी आली की घरच्यांवर दबाव आला असणार, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तसं असतंही. पण उलटतपासणीत त्या मुलाला काय विचारलं गेलं, हे आपल्याला कधीच कळत नाही. सुनावणी बंद दाराआड होते, आणि तशीच व्हायला हवी.

‘त्या दिवशी तू घरी नव्हतीस हे म्हणणं खरं नाही, बरोबर?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटल्यास नक्की काय कबूल केलं, हे मोठ्यांनाही चटकन सांगता येणार नाही. सात वर्षांचं मूल समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतं आणि ‘हो’ म्हणून टाकतं. मग वार कोणता, वाजले किती, कपड्यांचा रंग कोणता, पहिल्या जबाबात हे का सांगितलं नाही? मुलाचं प्रामाणिक ‘आठवत नाही’ युक्तिवादात संशयाचा मुद्दा होतं. आणि सगळं बिनचूक सांगितलं तर साक्षीदार पढवलेला!

कायद्यात उणीव आहे म्हणावं, तर तसंही नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम ३३ नुसार दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपले प्रश्न न्यायालयाला सांगायचे आणि मुलाला ते न्यायालयानेच विचारायचे. आक्रमक प्रश्न, चारित्र्यहनन यांना मनाई आहे. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, असं कलम ३६ सांगतं. प्रश्न लेखी घेऊन न्यायाधीशांनी विचारावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच ‘साक्षी’ संस्थेच्या याचिकेवर सांगितलं होतं. तरी वकील थेट मुलाला प्रश्न विचारतात आणि समोर कोणी हरकत घेत नाही, असं घडतं. शिवाय न्यायाधीशांनी तोच वाकडा प्रश्न पोस्टमनसारखा जसाच्या तसा पोहोचवला, तर काय उपयोग? तो मुलाला कळेल असा सोपा करून विचारला पाहिजे.

यावर आरोपीच्या हक्काचं काय, असं विचारलं जातं. रास्त आहे. खोटी तक्रारही होऊ शकते आणि साक्ष तपासली गेलीच पाहिजे. पण सोप्या भाषेतल्या प्रश्नानेही खोटं उघडं पडतं.

खरी अडचण वेळेची. कलम ३५ नुसार न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवायचा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. दुसरीतलं मूल पाचवीत गेल्यावर साक्षीला उभं राहिलं, तर त्याच्या आठवणीत फरक पडणारच. आइसलँडमध्ये १९९८ पासून प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी बोलते, वकील-न्यायाधीश शेजारच्या खोलीतून ऐकतात आणि तेच चित्रीकरण पुढे वापरलं जातं. आपल्याकडेही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, असुरक्षित, म्हणजे मुलांसारख्या सहज दडपणाखाली येणाऱ्या, साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रं उभारण्याचे निर्देश दिले. पण नुसती रंगवलेली भिंत आणि चार खेळणी म्हणजे केंद्र नव्हे.

पोक्सोचे खटले चालवणाऱ्या प्रत्येक विशेष न्यायालयाने दर तिमाहीला दोनच आकडे जाहीर करावेत: ३० दिवसांत किती मुलांची साक्ष झाली आणि किती मुलांना पुन्हा बोलवावं लागलं. यात कोणाची ओळखही उघड होत नाही. आपल्या जिल्हा प्रतिनिधींनीही हे आकडे मागून पाहावेत, ही विनंती.

आपली,
एक वाचक