रॉकेलमधला आवाज आणि नातीचं जर्नल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान दिनाच्या पुरवणीत लेसरने आवाजाचा वेग कसा मोजतात ते छान लिहिलं होतं, फक्त वाचून असं वाटलं की हे मोठमोठ्या लॅबचंच काम आहे. तसं नाहीये हो. मी तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबला होतो, आम्ही हा प्रयोग दर वर्षी लावायचो, आधी सोडियम लॅम्पवर आणि नंतर साध्या लेसर पॉइंटरवर.

काचेचं चौकोनी भांडं, त्यात रॉकेल, रॉकेलमध्ये क्वार्ट्झचा क्रिस्टल आणि त्याला २ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे क्रिस्टलला सेकंदाला वीस लाख वेळा थरथरवणारं विजेचं यंत्र. एवढ्या फ्रिक्वेन्सीचा आवाज कानाला ऐकू येत नाही पण रॉकेलमध्ये दाट-विरळ दाट-विरळ असे पट्टे तयार होतात आणि त्यातून आडवा लेसर सोडला की तो ग्रेटिंगमधून (बारीक समांतर रेघा मारलेल्या काचेतून) जावा तसा फाकतो. सुरुवातीला भिंतीवर एकच लाल ठिपका असतो, ऑसिलेटरचा नॉब अगदी हळू फिरवत राहायचा, आणि क्रिस्टलचा सूर जुळला रे जुळला की एकाचे झटकन पाच ठिपके होतात. पोरं ओरडायची, "सर आले, आले!" भिंत ५ मीटरवर असेल तर दोन ठिपक्यांत जेमतेम ५ मिलिमीटर, त्यावरून आवाजाच्या लाटेची लांबी निघते ०.६६ मिलिमीटरच्या आसपास, तिला फ्रिक्वेन्सीने गुणा, सेकंदाला १३०० मीटरच्या पुढे आकडा येतो. हवेच्या जवळपास चौपट.

आणि एक राहिलंच. हा परिणाम १९३२ साली अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये दिसला, पण इतके ठिपके का पडतात याचं गणित १९३५-३६ मध्ये बंगळुरात रामन आणि त्यांचे विद्यार्थी नागेंद्रनाथ यांनी मांडलं. तेव्हा लेसर नव्हताच, तो आला १९६० मध्ये! विज्ञान दिन रामन यांच्या शोधाचा, मग पुरवणीत ही एक ओळ तरी हवी होती.

आता खरं दुखणं सांगतो. माझी नात बीएस्सीला आहे (कॉलेजचं नाव नको), तिच्या जर्नलमध्ये उत्तर १३२४, मैत्रिणीच्या १३२४, मागच्या बॅचच्या जर्नलमध्येपण १३२४. अहो, रॉकेल तापलं की त्यातला वेग कमी होतो, अंशाला तीन-चार मीटर तरी, मग डिसेंबरच्या थंडीत आणि एप्रिलच्या उकाड्यात एकच आकडा कसा येईल? टेंपरेचरचा रकाना तर सगळ्यांचा कोराच. विचारलं तर म्हणाली, "आजोबा, सेट कधी बाहेरच काढला नाही, सर म्हणाले हल्ली रॉकेल कुठे मिळतं."

रॉकेल नाही हे खरं, पण टर्पेंटाईन चालतं की, रंगाच्या कुठल्याही दुकानात मिळतं, उत्तर थोडं कमी येईल एवढंच. तिने हे जाऊन सरांना सांगितलं. तर आता कपाटाची किल्ली सापडत नाहीये.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट