मदतनिसाचे काम कागदावर हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडतील. दिव्यांग मुलाला प्रवेश देताना बडोद्यातल्या काही शाळा पालकांना सांगतात, ‘सोबत तुमचा एक माणूस द्या.’ पालक माणूस शोधतात, पगारही देतात. कुठे त्याला शॅडो टीचर म्हणतात, कुठे हे काम आयाबेनकडेच येते. त्या माणसाने वर्गात नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून तो मुलाला शांत बसवतो आणि त्याची वही भरून देतो. यात मुलाचे नुकसान होते.

चूक बसण्याच्या जागेपासूनच सुरू होते. मदतनीस मुलाला चिकटून बसला की शिक्षिका मुलाऐवजी त्यालाच विचारू लागतात, शेजारची मुले बोलेनाशी होतात आणि मूल प्रत्येक ओळीला त्याच्या तोंडाकडे पाहते. अमेरिकेत विशेष शिक्षणाचे अभ्यासक मायकल जियानग्रेको आणि सहकाऱ्यांनी वर्गांचे निरीक्षण करून १९९७ मध्येच हे दाखवून दिले होते. मुलाच्या बाकावर वर्गातले मूलच बसावे. मदतनिसाने मागे, हात पोहोचेल इतक्या अंतरावर राहावे आणि गरज नसेल तेव्हा इतर मुलांच्या वह्या पाहाव्यात.

सूचना शिक्षिकेनेच द्यायची. मग मदतनिसाने मनात पाच अंक मोजून थांबायचे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी असणे) असलेल्या किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी दहा. तरी हालचाल नाही, तर बोटाने दाखवायचे, मग एक शब्द, मग स्वतः करून दाखवायचे. हात धरणे सगळ्यात शेवटी. बूट घालणे, चमचा धरणे असे नवे कौशल्य शिकवताना क्रम उलटा: आधी मनगटाला धरून पूर्ण मदत, पुढे फक्त कोपराला आधार, मग काहीच नाही. लिहिताना हात दुखत असेल, तर दहाऐवजी तीन ओळी द्याव्यात, पेन्सिलीला जाड पकड लावावी, बाकाला उतार द्यावा. मदतनिसाने उतरवलेली वही पालकांना समाधान देते, पण मुलाला काय येते हे त्यामुळे कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा रोज दोन ओळींची नोंद ठेवावी: कोणते काम, किती मदतीने. महिन्याभरात मदत कमी झालेली दिसली नाही, तर पद्धत बदलायला हवी.

शरीराच्या काळजीत तर अंदाज चालतच नाही. गिळायला त्रास असलेल्या मुलाला भरवताना मदतनिसाने त्याच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभ्याने भरवले की मूल मान वर करते आणि घास श्वासनलिकेकडे जायचा धोका वाढतो. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. अशा मुलाला घट्ट वरणभातापेक्षा पाण्याचा ठसका लवकर लागतो. खाखरा आणि शेव यांचा भुगाही घशात अडकतो. डब्यात काय चालेल, हे थेरपिस्टला विचारून लिहून घ्यावे. व्हीलचेअरवरून उचलण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या. वजनदार मुलाला दोघांनी उचलावे, काखेत हात घालून ओढू नये. फीट आली तर घड्याळ पाहायचे, मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. श्रवणयंत्र चालू आहे का, हे रोज पहिल्या तासाआधी पाहावे. सेल संपलेले यंत्र कानात असले की मूल लक्ष देत नाही असा समज होतो आणि बोलणी मुलाला बसतात.

नवरात्रीआधी शाळेत गरब्याचा सराव सुरू होतो, तेव्हा स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला आयत्या वेळी कान झाकून वर्गाबाहेर नेतात. सकाळीच चित्रांच्या वेळापत्रकात गरबा दाखवावा, स्पीकरपासून लांब जागा द्यावी, आणि बाहेर जायचे असल्यास दाखवायला एक कार्ड त्याच्या हाती असावे. मग अनेक मुले थोडा वेळ तरी आनंदाने फेर धरतात.

हे सगळे ठरवणे मदतनिसाचे काम नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे (विशेष शिक्षकांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी असलेल्या विशेष शिक्षकाने प्रत्येक मुलासाठी एक पान लिहून द्यावे आणि मदतनिसाला ते करून दाखवावे. प्राथमिकला दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याचे कलम १६ शाळेकडूनच वैयक्तिक आधाराची अपेक्षा करते. मग मदतनिसाचा पगार पालकांच्या माथी का?

आणखी एक. मदतनीस रजेवर गेला की पालकांना फोन जातो, ‘आज पाठवू नका.’ ज्या बडोद्यात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तिथे हे होऊ नये. शौचालय, भरवणे आणि फीट यांची माहिती असलेली, मुलाच्या ओळखीची दुसरी व्यक्ती प्रत्येक शाळेने जूनच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवावी आणि तिचे नाव त्याच पानावर लिहावे.

आपली,
एक विशेष शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे