फुकटच्या गूगलचा हिशोब

लातूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "बाबा, गूगल वापरणाऱ्याकडून एक रुपया घेत नाही, मग ते एवढं मोठं झालं कशावर?" आणि तेवढ्यात रेंज गेली. सोमवारी तू जाहिरातींच्या कामावर रुजू होणार, एका पैठणीच्या दुकानाचं गूगलवरच्या जाहिरातींचं खातं तुझ्याकडं येणार. म्हणून लिहूनच पाठवतो. आकडेमोड फोनवर होत नाही.

आधी शोधाचं. १९९६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी बॅकरब नावाचा प्रकल्प चालवला होता. तोवरची शोधयंत्रं मुख्यतः पानावर शब्द किती वेळा आलाय ते बघायची. त्यामुळं एकच शब्द पानाच्या तळाशी दोनशे वेळा चिकटवणारा वर यायचा. या दोघांनी बघितलं, की त्या पानाकडं बोट कोण दाखवतंय. आपण सोयरीक जुळवताना चौकशी करतो, तसंच. पोराबद्दल दहा जण बरं बोलले, तरी ज्याच्या शब्दाला चार गावांत किंमत आहे अशा एकानं मान डोलावली की तिचं वजन वेगळं. आणि जो सगळ्यांनाच चांगलं म्हणतो, त्याची शिफारस पातळ होते. त्यांची पेजरँक ही पद्धत हेच करते. पानाचं वजन त्यानं दिलेल्या लिंकांत वाटलं जातं; पन्नास लिंका दिल्या तर प्रत्येकीला पन्नासावा भाग. ते वजन पुढच्या पानाला, तिथून त्याच्या पुढच्याला, असं आकडे स्थिर होईपर्यंत फिरवत राहायचं. एकमेकांकडंच बोट दाखवणाऱ्या टोळक्यात वजन अडकून पडू नये म्हणून ०.८५ चा गुणक. म्हणजे शंभरातल्या पंधरा वेळा वाचणारा लिंका सोडून भलत्याच पानावर उडी मारतो, असं धरायचं.

हे चालवायला यंत्रं लागतात, आणि तिथं यांची काटकसर बघण्यासारखी आहे. १९९९ च्या सुमाराचे त्यांचे सर्व्हर म्हणजे एका ट्रेवर चार उघडे मदरबोर्ड, आणि धातूला लागून शॉर्ट होऊ नये म्हणून खाली बुचाचा थर. महागडी, न बिघडणारी यंत्रं घ्यायची नाहीत. स्वस्त घ्यायची, बिघडणार हे धरूनच चालायचं, आणि एक बंद पडलं तर काम दुसऱ्यानं उचलावं अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करायची. दर शोधामागचा खर्च इतका खाली आणल्याशिवाय फुकट देणं परवडलंच नसतं.

पैसा मात्र नव्हता. सन या संगणक कंपनीच्या संस्थापकांपैकी अँडी बेक्टोल्शाइम यांनी ऑगस्ट १९९८ मध्ये १ लाख डॉलरचा धनादेश दिला, तेव्हा कंपनीची नोंदणीसुद्धा झालेली नव्हती. ती झाली ४ सप्टेंबरला. १९९९ मध्ये एक्साइट नावाच्या तेव्हाच्या बड्या कंपनीला हे दोघं सगळा प्रकल्प सुमारे १० लाख डॉलरला विकायला तयार होते. पुढं साडेसात लाखांवर आले, तरी एक्साइटनं घेतला नाही.

आता मुद्द्यावर येतो. शोध फुकट, विक्री असते ती जागेची, आणि तीही लिलावानं. तू आपल्या मार्केट यार्डातला सोयाबीनचा सौदा पाहिलाय. ढिगाभोवती खरेदीदार जमतात, बोली चढते, जास्त बोलला त्याचा माल. इंटरनेटवर अशी बोली आधी गोटू या कंपनीनं १९९८ मध्ये आणली: जो दर क्लिकला जास्त देईल तो वर. गूगलनं ऑक्टोबर २००० मध्ये ३५० जाहिरातदारांवर ॲडवर्ड्स ही आपली जाहिरात-सेवा सुरू केली तेव्हा पैसे जाहिरात दिसण्याचे होते. फेब्रुवारी २००२ मध्ये तेही क्लिकच्या लिलावावर आले, पण एक फरक करून: नुसती बोली धरायची नाही, लोक त्या जाहिरातीवर किती बोट लावतात त्यानं ती गुणायची. गोटूचं नाव पुढं ओव्हर्चर झालं. त्यांनी पेटंटचा दावा लावला. तो २००४ मध्ये मिटला आणि गूगलनं ओव्हर्चरची तेव्हाची मालक याहू हिला २७ लाख शेअर दिले. म्हणजे कल्पना सगळी घरची नव्हती, हे लक्षात असू दे.

तो गुणाकार कागदावर करून बघ. "पैठणी साडी खरेदी" या शोधावर तीन दुकानं. गुणवत्ता म्हणजे लोक त्या जाहिरातीवर किती बोट लावतील याचा आकडा. पहिल्याची बोली २० रुपये, गुणवत्ता ४, गुणाकार ८०. दुसऱ्याची बोली १२, गुणवत्ता ८, ९६. तिसऱ्याची बोली १०, गुणवत्ता ६, ६०. सगळ्यात वर बसतो १२ रुपयेवाला. आणि तो १२ देतच नाही. खालच्याला मागं ठेवायला जेवढे लागतात तेवढेच देतो: ८० भागिले ८, म्हणजे १० रुपये आणि वर काही पैसे. त्याच्या खालचा देतो ६० भागिले ४, म्हणजे १५ च्या वर. वरची जागा दहाला, खालची पंधराला! अडतीत असा प्रकार सांगितला तर लोक हसतील. गूगलच्या बाजूनं मात्र हिशोब पक्का आहे. पैसे क्लिकला मिळतात. ज्यावर कुणी बोट लावत नाही ती जाहिरात २० रुपये बोलूनही गल्ल्यात काही टाकत नाही. शोधणाऱ्याला कामाची जाहिरात दिसली तर तो परत येतो, हा वरचा फायदा.

हा झाला सोपा केलेला नमुना. खऱ्या लिलावात दर शोधाला नवा हिशोब होतो: ठिकाण, वेळ, फोन की संगणक, शोधणाऱ्याचे नेमके शब्द, शिवाय किमान पात्रतेची अट. खात्यात १ ते १० असा जो गुणवत्तेचा आकडा दिसतो तो निदानापुरता, तोच लिलावात जात नाही. पण त्याचे तीन भाग तुझ्या हातातले आहेत: क्लिकची अपेक्षा, जाहिरातीचा शोधाशी मेळ, आणि क्लिकनंतर उघडणारं पान. पैठणीवाल्यांकडं तिसरा भागच बहुधा लंगडा असतो. जाहिरातीत "सेमी पैठणी", आणि क्लिक केल्यावर उघडतं दुकानाचं मुखपृष्ठ, त्यावर मालकांचा फेटा बांधलेला फोटो. किंमत कुठंच नाही. माणूस तीन सेकंदांत माघारी.

या एका यंत्रावर बाकीचा डोलारा उभा आहे. १९ ऑगस्ट २००४ ला शेअर बाजारात आले, ८५ डॉलरनं. २००५ मध्ये अँड्रॉइड घेतलं, २००६ मध्ये १६५ कोटी डॉलरचे शेअर देऊन यूट्यूब, २००८ मध्ये क्रोम काढलं. २०२४ साली अल्फाबेट या मूळ कंपनीचं उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होतं. त्यात जाहिरातींचे सुमारे २६५ अब्ज, आणि त्यातलेही जवळजवळ १९८ अब्ज शोध आणि त्याला लागून असलेल्या जागांचे. फोनची प्रणाली, ब्राउझर, नकाशे यांच्याकडं त्या शोधाच्या पेटीकडं येणारे रस्ते म्हणून बघ. आपल्या लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात म्हणून तिथल्या गाळ्याला भाव आहे ना, तसं.

काही रस्ते मात्र भाड्यानं घेतलेले आहेत. आयफोनच्या सफारीत शोध आपोआप गूगलवर जावा यासाठी एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. त्याच खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलनं शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात क्रोम विकायला लावलं नाही, पण "फक्त आमचंच ठेवा" असे करार बंद केले. आपल्याकडं स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड लावला. माझं मत विचारशील तर उत्पादन चांगलं आहे हे खरं, आणि जागा विकत घेतल्यात हेही खरं. नुसत्या चांगुलपणावर भरवसा असता तर एवढं भाडं कुणी भरलं नसतं.

आता तुझ्या खात्याकडं ये. लिलाव दुकानदाराच्या नफ्यातून किती काढून घेतो, हे तुला मालकांना आकड्यात दाखवता आलं पाहिजे. समज एका साडीमागं १,५०० रुपये सुटतात. शंभर क्लिकांतून चार फोन येतात, चारांतला एक घेतो. म्हणजे शंभर क्लिकांना १,५००. एका क्लिकला १५ रुपयांच्या वर गेलं की माल विकूनही घाटा. शेजारच्या दुकानदाराचंही गणित असंच आहे, त्यामुळं दोघं चढत चढत त्या १५ च्या जवळ येतात, आणि साडीतली कमाई हळूहळू तिकडं जाते. यावर उपाय बोली वाढवणं नाही. चारांतल्या एकाऐवजी दोन कसे घेतील ते बघ: फोन लगेच उचलला जातो का, व्हॉट्सॲपवर पदराचा आणि मागच्या बाजूचा फोटो जातो का. हातमागाची पैठणी मागची बाजू बघूनच ओळखतात, आणि जाहिरातीच्या पानावर तो फोटो हमखास नसतो.

पैसे गळतात त्या जागा अशा. शोध-मोहीम उघडताना डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइटी आणि ॲपांवर जाहिरात दाखवण्याची खूण आधीच केलेली असू शकते, ती काढ. नाहीतर जाहिरात मोबाईलच्या खेळांत जाते आणि लेकरं चुकून बोट लावतात. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये आपोआप असतं "तिथं असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले". पैठणीला ते चालेल, पुण्यात बसून पैठणची साडी शोधणारा गिऱ्हाईकच आहे. नळदुरुस्तीवाल्याच्या खात्यात तेच सेटिंग पैसे बुडवतं. शब्दजुळणी ब्रॉड, म्हणजे सैल ठेवलीस तर "पैठण", "पैठणी कशी नेसावी", "पैठणी ब्लाउज डिझाइन" सगळं आत येतं. पहिले पंधरा दिवस शोधशब्दांचा अहवाल रोज उघड आणि नको ते शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत टाक. समानार्थी शब्द निगेटिव्हला आपोआप लागत नाहीत, एकेक घालावा लागतो, देवनागरीत आणि रोमनमध्येही, कारण आपले लोक दोन्हीत टाइप करतात.

रोजचं बजेट ५०० ठेवलं तरी एखाद्या दिवशी १,००० जाऊ शकतात. महिन्याची मर्यादा ५०० गुणिले ३०.४, म्हणजे १५,२००. मालकांना हे पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येईल. आगाऊ भरणा असेल तर १,००० भरल्यावर त्यातच धरलेला १८ टक्के जीएसटी वजा होऊन जाहिरातीला ८४७ रुपये ४६ पैसे उरतात. खात्यात दुकानाचा जीएसटी क्रमांक घालायला सांग, म्हणजे भरलेल्या जीएसटीच्या क्रेडिटचं, वजावटीचं, त्यांच्या सीएला बघता येईल.

खातं दुकानाच्या ईमेलवरच उघड. तुमच्या कंपनीनं मॅनेजर खात्यातून, म्हणजे अनेकांची खाती सांभाळायच्या खात्यातून, परवानगी घ्यावी, मालकी घेऊ नये. काम सुटलं तर शब्दांचा आणि खर्चाचा सगळा इतिहास दुकानाकडंच राहिला पाहिजे, तो त्यांच्या पैशानं जमलेला आहे.

आईनं शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे ट्रॅव्हल्सनं पाठवलेत. सकाळी साडेसहाला गाडी स्वारगेटला लागते, ड्रायव्हरचा नंबर मेसेज केलाय. धपाटे त्याच दिवशी संपव. पहिल्या आठवड्याचा शोधशब्दांचा अहवाल निघाला की मला दाखव, निगेटिव्हची यादी बसून करू.

तुझे
बाबा